बेटावरील सूर्य

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा धाकटा भाऊ आंब्याच्या झाडावरून पडला व त्याचा पाय मोडला. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्यें आणि तो अंथरुणावर! त्याचें मन रमावें म्हणून आम्हीं दोघांनीं एक बेट कल्पिलें. बेटावर काय काय आहे तें त्यानें सांगावें व मीं संगणकावर त्याचा नकाशा काढावा, असा आमचा करार ठरला.

काम प्रथम मला फार सोपें वाटलें. डोंगर, झाडें, बुरूज यांचीं तयार चित्रें मिळतात. तीं निरनिराळ्या संग्रहांतून उचलून मीं मांडलीं. दोन दिवसांत नकाशा पुरा झाला. मोठ्या ऐटीनें मीं त्याची छापील प्रत भावापुढें ठेविली. त्यानें ती बराच वेळ न्याहाळली व विचारलें, "दादा, आपल्या बेटावर सूर्य किती आहेत रे?"

पाहतों तों खरेंच! डोंगरांची छाया उजवीकडे, किल्ल्याची डावीकडे, आणि झाडांना तर छायाच नाहीं. तीं पाकिटावर चिकटविलेल्या तिकिटांसारखीं दिसत होतीं. मला राग आला. "इतकें बारीक कोण पाहतो?" मी म्हणालों.

"मी पाहतों. दिवसभर मला दुसरें काय आहे?"

त्याचें तें उत्तर माझ्या मनाला लागलें. त्याच्यासाठीं म्हणून घेतलेलें काम मीं केवळ उरकलें होतें.

त्या रात्रीं मीं एक कागद चुरगाळला, अर्धवट उलगडून मेजावर ठेविला आणि डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याशीं दिवा धरला. सुरकुत्यांचे डोंगर झाले! दिव्याकडील उतार उजळ, पलीकडचा काळवंडलेला. ही वस्तूच्या अंगची छाया. त्यापुढें सपाटीवर पडते ती पडछाया. घडी जितकी उंच तितकी ती लांब. खळग्याचें मात्र उलट: त्याची दिव्याकडील कड काळी आणि समोरची उजळ.

स्वित्झर्लंडांत सेनापति द्युफूर यांच्या देखरेखीखालीं तयार झालेला प्रसिद्ध नकाशा १८४५ ते १८६५ या काळांत छापला गेला. त्या देशांत मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस असतो. तरीही त्या नकाशांत उजेड वायव्येकडून, म्हणजे कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडून, येतो असें मानिलें आहे. कारण उजेड वरूनच येतो असें आपले डोळे धरून चालतात. तो खालून आला कीं डोंगरांच्या जागीं खळगे भासूं लागतात. वाचकांनीं असा एखादा नकाशा उलटा धरून स्वतः अनुभव घ्यावा.

दुसऱ्या दिवशीं संगणक मीं भावाच्या अंथरुणाशींच नेला. सर्व छायांसाठीं एक निराळा थर घेतला व तो 'मल्टिप्लाय' या पद्धतीनें खालच्या चित्रांत मिसळला. त्यामुळें छायेंतूनही गवताचा हिरवा रंग दिसतो. निव्वळ काळा रंग टाळून निळसर करडा घेतला. पडछाया पायथ्याशीं गडद व टोंकाशीं फिकट केली. झाडाची छाया बुंध्याला चिकटून हवी. ती जराशी सुटली तरी झाड हवेंत तरंगतें. "बुरूज झाडाहून उंच आहे, त्याची छाया वाढव," असें भाऊ मधून मधून बजावीत होता. पूर्वी दोन दिवसांत झालेल्या कामाला आतां आठ दिवस लागले. परंतु त्या आठ दिवसांत त्यानें प्लास्टर केव्हां निघणार, हें एकदांही विचारलें नाहीं.

नवा नकाशा हातीं येतांच त्यानें मोठ्या डोंगराच्या आग्नेयेस, सांवलींत, बोट ठेविलें व तो म्हणाला, "दादा, पाय बरा झाला कीं आपण येथें बसूं."

ज्याच्यासाठीं एखादें काम करावयाचें, त्याच्या नजरेनें तें एकदां पाहावें, हा धडा मला त्या बेटानें दिला.