एका अक्षराची कात्री

लिक्सलिप म्हणजे सॅमनची उडी. नाव व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतलं. लिफी नदीच्या धबधब्यावर प्रवाहाविरुद्ध झेपावणारे मासे पाहून पडलेलं. १९४०च्या दशकात इथे धरण झालं, धबधबा पाण्याखाली गेला, नाव तेवढं वर राहिलं. आज किल्डेअर काउंटीतलं हे गाव इंटेलच्या चिपांसाठी ओळखलं जातं, आणि कारखान्यापाठोपाठ इथे आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबंही आहेत.

अशाच एका घरातली ती, मूळची नागपूरची. नवरा चिपांच्या धंद्यात. रोज सकाळी ती लुईसा ब्रिज स्टेशनवरून डब्लिनची गाडी पकडते आणि दिवसभर लोकांचा डीएनए तपासते. नवऱ्याच्या कामात एखादा तुकडा वेगळा निघाला की तो बाद. तिच्या कामात वेगळं निघणं हाच विषय. कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएत साधारण हजार अक्षरांमागे एक अक्षर वेगळं असतं आणि त्यातल्या बहुतेक फरकांनी कुणाचं काही बिघडत नाही. समाजात पुरेशा लोकांमध्ये आढळणाऱ्या फरकाला पॉलीमॉर्फिझम म्हणतात, मराठीत बहुरूपता. शब्द ऐकला की दारावरचा बहुरूपी आठवतो. उपमा मात्र फार ताणू नये; बहुरूप्याचं सोंग संध्याकाळी उतरतं, हे उतरत नाही.

तिचा हात बसला तो विदर्भात, सिकलसेलवर. बीटा ग्लोबिन जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो, एवढाच तो बदल. पीसीआरने तेवढ्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि डीडीई-वन हे एन्झाइम घालायचं. हे एन्झाइम म्हणजे कात्री, ठरावीक अक्षरं ओळीने दिसली तरच कापणारी. सिकलसेलच्या प्रतीत ती ओळ मोडलेली असते, म्हणून कात्री तिथे कापत नाही. मग विजेच्या जोरावर तुकडे जेलमधून पळवायचे: न कापलेला लांब तुकडा मागे रेंगाळतो, कापलेले पुढे पळतात, आणि प्रत्येक लांबीचा एक पट्टा दिसतो.

आयर्लंडमध्ये उलटा खेळ. इथला खास विकार हिमोक्रोमॅटोसिस, शरीरात लोह साठत जाण्याचा. यकृत, हृदय, सांधे, कुठेही ते साचतं. भारतात शाळाशाळांतून लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, इकडे लोह काढून टाकण्यासाठी माणसं रक्त काढून घेतात. अर्ध्या लिटर रक्ताबरोबर दोनअडीचशे मिलिग्रॅम लोह जातं. कारण एचएफई जनुकातलं एक अक्षर. १९९६ साली ते सापडलं, सी२८२वाय या नावाने ओळखलं जातं. आयर्लंडमध्ये पाचात एकाकडे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली आणि ८३ मध्ये एकाकडे दोन्ही बदललेल्या असतात असं मानतात. भारतीयांत हा बदल अतिशय विरळ. रॅथलिन बेटावर सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातही डब्लिन आणि बेलफास्टच्या संशोधकांना तो मिळाला.

सिकलसेलच्या उलट, सी२८२वायचं बदललेलं अक्षर कात्रीला नवी जागा देतं. ३९० अक्षरांचा तुकडा आरएसए-वन एन्झाइम सगळ्यांमध्ये एका ठिकाणी कापतंच: २५० आणि १४०. बदललेल्या प्रतीत १४०चे आणखी दोन होतात, १११ आणि २९. तो २९चा सहसा दिसतसुद्धा नाही. सगळ्यांमध्ये असलेली पहिली जागा फार कामाची: ३९०चा पट्टा उरलेला दिसला तर समजायचं, कात्रीने काम पुरं केलेलं नाही.

हे ठाऊक असूनही इथल्या शिकाऊ दिवसांत तिने एकदा ३९०चा पुसट पट्टा बघून न बघितल्यासारखं केलं. गाडीची वेळ झाली होती. अर्धवट कापलेल्या नमुन्यात १४० आणि १११ दोन्ही दिसत होते, तिने ‘एक प्रत’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंनी तोच नमुना पुन्हा लावला. दोन प्रती निघाल्या.

पण कात्री नीट चालली तरी फसगत होते, हे १९९९ साली जगाला कळलं. तुकड्याच्या प्रती काढायला प्रायमर लागतो, डीएनएला चिकटणारा छोटा धागा. मूळ पद्धतीतला एक प्रायमर जिथे चिकटायचा, नेमकी तीच जागा काही लोकांत एका अक्षराने वेगळी होती. त्यांची निरोगी प्रत धड वाढायचीच नाही, जेलवर फक्त बदललेली दिसायची आणि एका प्रतीचा माणूस दोन प्रतींचा ठरायचा. एका बहुरूपतेने दुसरीची तपासणी चकवली! जेलमध्ये त्याचा मागमूस नाही, पट्टे स्वच्छ. तिच्या मते या कामातली सगळ्यात वाईट चूक हीच, देखणी चूक. उपाय साधा निघाला, प्रायमरची जागा बदलली.

आता जेल मागे पडलं. एकेक अक्षर ओळखणारे दोन रंगांचे प्रोब आणि पडद्यावर चढत जाणाऱ्या रेघा. प्रायमर मात्र तिथेही चिकटावाच लागतो, त्यामुळे नवी पद्धत आली की ती आधी विचारते: प्रायमरखाली कुणाचं अक्षर वेगळं आहे का, तपासलंय?

आणि दोन प्रती म्हणजे आजार नव्हे. दोन प्रती असलेले कित्येक जण कधीच आजारी पडत नाहीत. बायकांमध्ये तर हे प्रमाण आणखी जास्त, कारण पाळीबरोबर लोह जात राहतं. म्हणून तिच्या रिपोर्टवर ‘हिमोक्रोमॅटोसिस आहे’ असं कधी नसतं. असतं ते एवढंच: सी२८२वाय, दोन प्रती, फेरिटिन (लोहाचा साठा) तपासून घ्या, भावंडांनाही सांगा.