मोहाचे झाड आणि मोटार

माघी पौर्णिमेच्या यात्रेस आम्ही कचारगडास गेलो होतो. दरेकसा स्थानकावर उतरलेले गोंड यात्रेकरू गुहेकडे पायी चालले होते. आमची मोटार मात्र एका मोहाखाली विसावली होती. त्या झाडाकडे पाहता जुनी गोष्ट स्मरली. मोहफुलांच्या मद्यार्कावर मोटार चालते, हे हैदराबाद संस्थानाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळीच ओळखले होते. 1925 साली हेन्री फोर्डने मद्यार्कास भविष्यकाळाचे इंधन म्हटले; 1933 साली अमेरिकेतील तेलव्यापाऱ्यांच्या संघाने त्याविरुद्ध मोहीम उघडली. मद्यार्क पाणी शोषतो, पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांश कमी उष्णता देतो, हे आक्षेप खोटे नव्हते. पण घेणाऱ्यांचा स्वार्थही लपत नव्हता.

आपल्याकडे 1948 साली कायदा झाला. महाराष्ट्रात पाच टक्के मिश्रण आले ते 2003 साली. आज ते वीस टक्के आहे. आणि गाडी पूर्वीइतकी पळत नाही म्हणून पंपावर कुरकुरतो कोण? आम्हीच! नव्याचा विरोधक केवळ तेलाच्या पेढीवर बसत नाही. तो आमच्या खिशातही बसतो. हा मद्यार्क मुख्यतः ऊस, मका व तांदूळ यांचा. मोह वेचणारीच्या टोपलीचा विचार त्या कुरकुरीत आम्हांस एकदाही सुचला नव्हता.