जगाचं पान

होस्टेलच्या मेसमध्ये इंग्रजी पेपरची पानं ठरलेल्या क्रमाने पळवली जायची. आधी खेळाचं, मग पहिलं, मग सिनेमाचं. आंतरराष्ट्रीय बातम्यांचं पान कुणालाच नको असायचं, म्हणून ते माझ्या वाट्याला यायचं. मी बार्शीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्लेसमेंटपर्यंत इंग्रजी सुधारायचं तर रोज पेपर वाच आणि दहा नवे शब्द वहीत लिही, असं जो तो सांगायचा. तेव्हा २०१६ साल चालू होतं, आणि त्या पानावर जवळजवळ रोज सीरियातलं अलेप्पो असायचं.

त्यामुळे माझा शब्दसंग्रह जरा विचित्रच आहे. ओव्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही आठवावं लागतं, पण 'सीज' म्हणजे वेढा, 'एन्क्लेव्ह', 'इव्हॅक्युएशन' हे झोपेतून उठवलं तरी स्पेलिंगसकट सांगतो. 'बॅरल बॉम्ब' म्हणजे पिंपात स्फोटकं आणि लोखंडाचं भंगार भरायचं आणि हेलिकॉप्टरमधून वस्तीवर ढकलून द्यायचं. आमच्या बार्शीत पीप म्हणजे पाणी साठवायची वस्तू. वहीत नोंद आहे : 'बॅरल – पीप, नाम.'

काही शब्द घरात आधीपासूनच होते, पण वेगळ्या कामाला. 'कॅज्युअल्टी' म्हणजे दवाखान्यातला तो विभाग, जिथे माणसाला रात्री-अपरात्री नेतात. 'स्ट्राइक' म्हणजे संप. 'कोलॅटरल' म्हणजे बँक कर्जासाठी मागते ते तारण. पेपरमध्ये तो शब्द 'डॅमेज'च्या आधी आला, तेव्हा शब्दकोशात 'आनुषंगिक' सापडलं. आनुषंगिक नुकसान! 'शेल'चा शब्दकोशातला एक अर्थ सोलणे, मटारच्या शेंगा सोलतात तसं. तोफगोळ्यांचा मारा त्याच्या खाली.

व्याकरणही तिथेच पक्कं झालं. शाळेत तीन वर्षं शिकवूनही डोक्यात न शिरलेला पॅसिव्ह व्हॉइस या पानाने महिन्याभरात शिकवला. माणसं 'वेअर किल्ड' असायची; मारणारा वाक्यात असेलच असं नाही. मराठी काही फार सोवळी नाही, 'मृत्युमुखी पडले'मध्येही मारणारा गायबच असतो. पण आपल्याकडे निदान 'ठार' हा शब्द आहे. तो म्हटला की काहीतरी पडल्याचा आवाज होतो.

त्याच सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय होता. 'किल', 'टर्मिनेट', 'ऑर्फन प्रोसेस'. लिनक्समध्ये पेरेंट प्रोसेस मेली की तिची पोरं अनाथ होतात, आणि सहसा एक नंबरची प्रोसेस त्यांना दत्तक घेते. कुणीही बेवारस राहत नाही. डिसेंबरात पूर्व अलेप्पोतल्या लोकांना हिरव्या बसमधून बाहेर काढत होते, तेव्हा मी हे परीक्षेसाठी पाठ करत होतो. पुढे नोकरीत 'डिप्लॉय', 'टार्गेट', 'पेलोड' दिवसातून वीसदा तोंडात येऊ लागले. प्रॉडक्शनमध्ये बिघाड झाला की जी तातडीची मीटिंग भरते तिला 'वॉर रूम' म्हणतात. तिथे समोसे येतात.

आमच्या क्लायंटची एक टीम युक्रेनमध्ये खारकिव्हला होती. तिथला एकजण आणि मी वर्षभर एकाच मॉड्यूलवर होतो. त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच, घोटून आलेलं. तो आर्टिकल्स गाळायचा, मी जागोजाग 'ओन्ली' घालायचो, पण एकमेकांचं सगळं कळायचं. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने हल्ला केला. पहिल्या दिवसापासून खारकिव्हवर मारा सुरू झाला. चार-पाच दिवस तो ऑनलाइन दिसलाच नाही. मग मेसेज आला, 'कॉरिडॉरमध्ये आहे.'

कॉरिडॉर माझ्या वहीत होता. वेढ्यातल्या लोकांना बाहेर पडायला ठरवून दिलेली वाट, 'ह्युमॅनिटेरियन' हे विशेषण लावून. मी विचारलं, 'कुठला कॉरिडॉर?'

'घरातला.'

मग त्याने सावकाश समजावलं. तळघर लांब असेल तर आपल्यात आणि बाहेरच्यात दोन भिंती राहतील अशी जागा शोधायची. पहिली भिंत तडाखा घेते, दुसरी उडालेले तुकडे आणि काचा अडवते. त्याच्या फ्लॅटमध्ये अशी जागा म्हणजे बिनखिडकीचा अरुंद पॅसेज. तिथे गादी, लॅपटॉप, आई आणि मांजर. 'तुमच्या भाषेत अशा जागेला काय म्हणतात?' त्याने विचारलं. बहुधा त्याला बोलत राहायचं होतं.

मला आजीचं धाब्याचं घर आठवलं. मधली खोली, चारी बाजूंनी भिंती, दुपारीही दिवा लावावा लागायचा. मी लिहिलं, 'माजघर'. रोमन अक्षरांत ते बरंच विचित्र दिसलं.

एप्रिलमध्ये तो आईला आणि मांजराला घेऊन ल्विव्हला गेला. सायरन तिथेही वाजतात. मीटिंगच्या मध्येच वाजला की तो चॅटमध्ये 'माजगार' एवढंच टाकतो आणि कॅमेरा बंद करतो. टीममधल्या इतरांना तो युक्रेनियन शब्द वाटतो.