खाली कुंडी

सुरतेच्या कतारगामात पापडीचा हंगाम लागला, की घराघरातून उंधियूचा वास येतो आणि माझी भुईचाफ्याची कुंडी बेवारस दिसू लागते. पानं पिवळी पडून गेलेली, वर नुसती कोरडी माती. शेजारच्या बा दर हिवाळ्यात विचारतात, "बेन, आ कूंडुं खाली छे?" त्यांना तुळशीसाठी हवी असते. खाली नाही, म्हणते मी. त्या आधी मातीकडे बघतात, मग माझ्याकडे.

भुईचाफ्याची निगा म्हणजे निम्मं वर्ष हात आवरणं. पानं सुकली की पाणी जवळजवळ बंद. दया येऊन रोज तांब्याभर ओतलं तर कंद कुजलाच म्हणून समजा. सावली मात्र बारमाही हवी. इमारतीमागच्या आमच्या बोळात सकाळचं कोवळं ऊन भिंतीवरून घसरत येतं, तेवढं त्याला पुरतं. माती भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खताची, थोडी वाळू घातलेली. सुरतेच्या पावसात पाणी तुंबायला वेळ लागत नाही, म्हणून वाफ्यापेक्षा कुंडी बरी. मुसळधार आली की उचलून पागोळ्यांपासून बाजूला ठेवता येते.

मग चैत्र-वैशाखात, तापीवरून येणारी हवासुद्धा घामेजलेली असताना, एके दिवशी मातीला भेग जाते. पान नाही, फांदी नाही, थेट जमिनीतून फूल! पांढऱ्या पाकळ्या आणि खाली जांभळी, रुंद पाकळी. सकाळी उमललेलं संध्याकाळी मलूल होतं, पण तोवर शेजारी दुसरं तयार असतं. वास घ्यायचा तर जमिनीपर्यंत वाकावं लागतं, गुडघे कुरकुरले तरी. पानांचा थाट नंतरचा, पावसाच्या तोंडावर. वरून हिरव्यावर चंदेरी छटा, खालून जांभळट. आईने चिपळूणहून फडक्यात बांधून दिलेला हा कंद कोकणात होता तसाच इथेही वागतो.

भुईचाफ्याचा एक धागा इथेही सापडतो. कतारगाम दरवाज्याजवळ जुनं डच कबरस्तान आहे. त्यातली घुमटाची दुमजली कबर हेन्द्रिक व्हान ऱ्हीडची. डच कंपनीचा हा एके काळचा मलबारचा कमांडर. त्याने तिथल्या झाडापेडांवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य होते, तसेच कोचीत राहणारे तीन कोंकणी वैद्यही होते: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. त्यांचं कोंकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र 1678च्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. त्या काळी, आम्सतरदामात, आपली अक्षरं! मला त्या भव्य कबरीपेक्षा या एका पानाचं अप्रूप जास्त.

कोचीहून सुरतेला येताना डिसेंबर 1691मध्ये ऱ्हीड जहाजावरच वारला आणि त्याला इथे पुरलं. भुईचाफा त्याच्या ग्रंथात 'मलन-कुआ' या नावाने अकराव्या खंडात आहे, आणि तो खंड निघाला 1692 साली. म्हणजे ज्या दिवसांत माझी कुंडी खाली दिसते त्याच दिवसांत तो मातीत गेला, आणि भुईचाफ्याचं पान त्याच्या मागून छापून आलं. योगायोगच. फार ताणत नाही. पण दरवाज्यावरून रिक्षा जाते तेव्हा आठवतोच.

दोन-तीन वर्षांनी कंद उकरून वेगळे करावे लागतात, नाहीतर कुंडीत दाटी होऊन फुलं रोडावतात. हे काम फाल्गुनातलं, कोंब हलण्याआधीचं. मुळांना गाठी लटकलेल्या असतात, त्या तुटू द्यायच्या नाहीत. पुढच्या फुलांची शिदोरी त्यांतच असते. यंदा एक तुकडा ऱ्हीडच्या कबरीच्या सावलीत लावावा असं फार मनात होतं. पण ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. तिथे खुरपं काढलं तर रखवालदार आधी माझीच चौकशी करेल.

तेव्हा तो तुकडा बांना दिला. त्यांनी हौसेने नवी कुंडी आणली, माती भरली, मी सांगितलं तसा बोटभर खोल कंद पुरला. आणि जागा वाया कशाला घालवायची म्हणून लगेच कडेने तुळशीची दोन रोपं खोचली. तुळशीला त्या रोज पाणी घालतात, आंघोळ झाल्या झाल्या, न चुकता. येत्या हिवाळ्यात आमचं चांगलंच जुंपणार आहे.