प्रतिसाद देत नाही

दिवाळीला नात पुण्याहून आली आणि फराळाच्या आधी तिने लॅपटॉप उघडला. तिचं शिक्षण संगणकाचं, माझं मराठी माध्यमातलं बी.ए. त्यामुळे मी आपला शेजारी बसून चहा पितो आणि बघतो. पण या वेळी विषय आपल्या जिल्ह्याचा होता. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो-इंडिया'चा प्रकल्प आहे ना, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ज्याला २,६०० कोटी मंजूर केले, त्याच्या अमेरिकेतल्या थोरल्या भावंडांची नोंद तिने घेतली होती. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली गेली, तीच ही. दोन कृष्णविवरं सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली आणि आपल्याकडे आली ती जेमतेम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची थरथर! ही नोंद कुणालाही फुकट मिळते.

तर झालं असं. आकडेमोड ती ज्युलिया नावाच्या भाषेत करत होती आणि आलेख काढायला पायथनचं मॅटप्लॉटलिब वापरत होती. आलेखाची खिडकी उघडली, पण लगेच पांढुरकी पडली. हलवता येईना, बंद करता येईना. वर पाटी आली, 'प्रतिसाद देत नाही'.

"आबा, मेलं हे," ती म्हणाली. संगणक बंद-चालू केला. खिडकी काढणारा भाग बदलून पाहिला. तेच.

मी म्हटलं, "अगं, वर्गात गोंधळ झाला की आम्ही एकेकाला बाहेर काढायचो." मग तिने तसंच केलं. नुसत्या पायथनमध्ये आलेख काढला, ठीक. नुसती ज्युलियातली आकडेमोड, तीही ठीक. ज्युलियातून आलेख काढून हात आवरला, तर खिडकी छान हलते. आलेख निघाल्यावर लांबलचक आकडेमोड सुरू झाली, की मात्र खिडकी गप्प!

कारण मला तिने समजावलं ते असं. माउसची टिचकी, 'मोठी हो', 'बंद हो' हे निरोप रांगेत येतात आणि कुणीतरी ती रांग सतत बघावी लागते. ज्युलियातून पायथन वापरलं की हे काम थोड्या थोड्या वेळाने वाजणाऱ्या एका टायमरकडे असतं. पण मोठी आकडेमोड मध्ये थांबतच नसेल, तर त्या टायमरची पाळीच येत नाही. निरोप दारात साचतात. खिडकी मेलेली नसते, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

उपाय एका ओळीचा निघाला. आकडेमोडीच्या काही फेऱ्या झाल्या की मॅटप्लॉटलिबचं 'पॉज' बोलवायचं, सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात रांग उरकते. आलेख फक्त बघायचाच असेल तर सरळ फाईल म्हणून जतन करायचा, खिडकीच नको. लहर पडद्यावर उमटली तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

रात्री मात्र झोप लागली नाही.

मी सहावीला शिकवत असताना तांड्यावरून एक मुलगा यायचा. नाव लिहीत नाही. घरी गोरमाटी, शाळेत मराठी. प्रश्न विचारला की तो उभा राहायचा, ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. मी मनात तीन आकडे मोजायचो आणि म्हणायचो, "बस खाली." पुढे शेऱ्यात 'मंद' असंही लिहिलं. सातवीला तो आलाच नाही, आईबापासोबत ऊसतोडीला गेला.

बऱ्याच वर्षांनी बसस्टँडवर भेटला. वाकून पाया पडला. मी विचारलं, शाळा का सोडलीस रे? हसून म्हणाला, "गुरुजी, उत्तर यायचं मला. आमच्या बोलीतून मराठीत आणेपर्यंत तुम्ही पुढच्याला विचारलेलं असायचं."

तेव्हा मीही हसून वेळ मारून नेली होती. कारण परवा, त्या पांढुरक्या खिडकीपुढे कळलं. दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या पोरासाठी मला थोडं थांबायला हवं होतं, तेवढंही मी थांबलो नाही.

असो. वाचणाऱ्यांत कुणी शिक्षक असाल, तर तीनच्या ऐवजी दहापर्यंत मोजून बघा. आणि काय झालं ते मला जरूर कळवा.