गवताखाली चार रात्री

आयर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डब्लिनचे पब, आयटी कंपन्यांची युरोपियन ऑफिसं आणि पिक्चर पोस्टकार्डवरचं ते पांढरंशुभ्र, गवती छपराचं घर. पब आणि ऑफिसं झाली होती. म्हणून या वेळी थेट पोस्टकार्डातच राहायला गेले!

गॉलवे शहराच्या पश्चिमेला कोनेमारा. खडक, तळी, दलदल आणि मधूनच समुद्र. इथल्या दक्षिण भागात आजही घराघरांत आयरिश भाषा बोलतात. पाहुणे ठेवणाऱ्या घरमालकिणीला इथे 'बॅन अन टी' म्हणतात, म्हणजे घराची बाई. आमची बॅन अन टी साठीची, गप्पिष्ट आणि भलतीच कडक. बूट दाराबाहेर!

घर म्हणाल तर तीन खोल्या एका ओळीत. मधे स्वयंपाकघर, दोन्ही टोकांना झोपायच्या खोल्या. हातभर जाडीच्या दगडी भिंतींना चुना, खिडक्या इवल्याशा. दार मात्र गमतीचं, आडवं दोन भागांत कापलेलं. खालचा भाग बंद ठेवायचा म्हणजे कोंबड्या आत येत नाहीत आणि पोरं बाहेर पळत नाहीत. वरचा उघडा ठेवला की उजेड, वारा आणि शेजाऱ्यांच्या बातम्या आत! अटलांटिकच्या वाऱ्यात छप्पर उडू नये म्हणून त्यावरून दोर टाकून ते भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधलेले.

सकाळी चहासोबत सोडा ब्रेड. यीस्ट नाही, नुसता खायचा सोडा आणि ताक. त्यावर लोणी. डाएट विसरा!

संध्याकाळी चुलाणाशी बसलो. लाकूड नाही, कोळसा नाही; जळत होता टर्फ. दलदलीत हजारो वर्षं साठलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि गवत. विटांसारखं कापायचं, वाऱ्यावर वाळवायचं आणि वर्षभर जाळायचं. त्याचा मातकट, खरपूस वास कपड्यांत भिनतो, पण जात नाही.

मी म्हटलं, "आमच्या कोकणातही अशी घरं होती. पावसाआधी शाकारायची." तिने शाकारणीची सगळी माहिती विचारून घेतली. मग म्हणाली, "माझ्या आईला या छपराची लाज वाटायची. जरा पैसा आला की लोक आधी गवत काढून स्लेट टाकायचे."

लाज का, ते इथला इतिहास सांगतो. गवती छप्पर ही हौस नव्हती, गरिबी होती. १८४५ ते १८५२च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. १८४१ साली या बेटाची लोकसंख्या ऐंशी लाखांवर होती. आजही तो आकडा परत गाठलेला नाही! कोनेमाऱ्यात फिरताना छप्पर नसलेल्या भिंती दिसतात, त्या फोटोजेनिक वाटेनाशा होतात.

आणि आता उरलेली घरंही सोपी नाहीत. गव्हाच्या काडाचं छप्पर दहा-पंधरा वर्षांत बदलावं लागतं, ते करणारे कारागीर मोजके. आगीच्या भीतीने विमा कंपन्या हात वर करतात. टर्फचंही तेच. दलदल म्हणजे कार्बनची तिजोरी; त्यात हवेच्या प्रदूषणामुळे ३१ ऑक्टोबर २०२२पासून टर्फच्या विक्रीवर कडक निर्बंध आलेत. स्वतःच्या हक्काच्या तुकड्यातून घरापुरता मात्र कापता येतो. पर्यावरणाच्या बाजूने मी शंभर टक्के आहे. पण त्या शेकोटीशी बसून ते मोठ्याने म्हणायला जीभ रेटेना.

"यंदा विमा मिळाला नाही, तर पाहुणे बंद," ती सहज म्हणाली आणि चुलाणात आणखी एक टर्फ टाकला.

म्हणून सांगते, युरोपच्या यादीत हे नाव जरा वर घ्या. आपण दिलेल्या भाड्यातूनच त्या छपरावर नवं गवत चढतं.

जाणार असाल तर...

- आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, व्हिसाचं वेगळं बघा.
- डब्लिन ते गॉलवे बसने साधारण अडीच-तीन तास. पुढे गाडी हवीच.
- रॉस मक गावी पॅट्रिक पिअर्सचं गवती घर जरूर बघा. १९१६च्या उठावाच्या या नेत्याचं घर १९२१मध्ये जाळलं गेलं, नंतर पुन्हा उभारलं.
- रेनकोट मस्ट. छत्री तिथला वारा ठेवत नाही!