चढावर सापडणारा दोष

जुनी गाडी वेगात फटके मारायला लागली की पहिला आळ कार्बोरेटरवर येतो. आवाज तिथून येतो, म्हणून दोषही तिथेच असणार, असं मालकाला वाटतं. अनेक मिस्त्रीसुद्धा तेच धरून चालतात. मग जेट फुंकले जातात, फ्लोट बदलला जातो, गाडी गॅरेजच्या दारात उभी करून रेस दिली जाते, आवाज स्वच्छ लागतो आणि गाडी घरी जाते. पुढच्या रविवारी हमरस्त्यावर तोच फटका!

माझ्याकडे आलेली फियाट 1100 डिलाइट अशीच फिरून आली होती. साठच्या दशकातली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची. मालक निवृत्त प्राध्यापक. मुलीला गाडीतून जेजुरीला न्यायचं त्यांच्या मनात होतं. “अहो मिस्त्री, साठपर्यंत लोण्यासारखी चालते. सोलापूर रस्त्याला लागून सत्तरच्या पुढे गेलं की पुढून फट्, मागून धाड्. मुलगी म्हणते, बाबा, मी एसटीने जाते.” कार्बोरेटर दोन ठिकाणी साफ करून झाला होता.

कार्बोरेटरवरचा संशय अगदीच निराधार नसतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण सावकाश जळतं. इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत आत धग राहते, नव्या मिश्रणाला तीच आग लागते आणि कार्बोरेटर शिंकतो. आता तर पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर इथेनॉलला 9. म्हणजे साध्या पेट्रोलसाठी बसवलेला जेट आज आपोआप थोडा हात आखडून वाढतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, आतून सुटतात आणि तो कचरा जाळीत अडकतो.

पण उपाशी इंजिनाची एक खूण असते. गाडी आधी दमते. पाय दाबला तरी ओढ येत नाही, आणि मग शिंका सुरू होतात. अशा वेळी चालत्या गाडीत चोक जरासा ओढायचा. मिश्रण जाड होतं, शिंका थांबल्या तर दोष पेट्रोलच्या बाजूला आहे. ही परीक्षा फुकट आहे, अर्ध्या मिनिटात होते, आणि तरीही ती न करताच कार्बोरेटर खोलणारे लोक पाहिले की मला खरंच राग येतो. जुन्या कार्बोरेटरचे पितळी स्क्रू प्रत्येक खोलण्यात थोडे झिजतात. ते परत मिळत नाहीत.

सरांना शेजारी बसवून मी गाडी रस्त्यावर काढली. सत्तरला फटका आला. चोक ओढला, काही फरक नाही. फटक्याआधी गाडी दमतही नव्हती. ओढ भरपूर होती, मधेच एखादा ठोका गळायचा आणि आवाज व्हायचा. तुटक, कोरडा. हा विजेचा स्वभाव.

आता खरा प्रश्न होता, वेगाचा दोष की ओझ्याचा? सपाट रस्त्यावर हे दोन्ही एकत्रच वाढतात, कारण सत्तरला हवा कापायलाच इंजिनाला जोर लावावा लागतो. त्यांना वेगळं करायला घाट लागतो. हडपसरवरून वडकीमार्गे दिवे घाटाला लागलो. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास, पाय जवळजवळ पूर्ण दाबून. पहिल्या वळणानंतर फट्, धाड्! वर जाऊन गाडी वळवली. उतारावर त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला, पाय अलगद ठेवून आलो. फेरे तेवढेच, पण कार्बोरेटरमधून हूं नाही की चूं नाही. वेगाचा संबंध नव्हताच. गॅरेजच्या दारात कितीही रेस दिली असती तरी हा दोष दिसला नसता, कारण उभ्या गाडीच्या इंजिनावर ओझंच नसतं.

ओझं वाढलं की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि दाबाखाली प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. ते वाढलं की वीज सोपी वाट शोधते. वाट सापडली नाही तर ठीक. सापडली तर ठिणगी भलत्याच घरी जाते.

परत आल्यावर प्लग काढले. तीन प्लग खरपूस तपकिरी, एक नंबरचा ओला आणि काळा. मग डेल्कोची, म्हणजे चारही प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची, कॅप काढली, कापडाने पुसली आणि बॅटरीचा उजेड आतून तिरपा पाडला. समोरून पाडला तर काहीच दिसत नाही. एक नंबरच्या टोकापासून तीन नंबरच्या टोकापर्यंत पेन्सिलने ओढावी तशी बारीक करडी रेघ होती. बोटाला लागत नव्हती, नखाला किंचित लागत होती. बेकेलाइटवरून वीज वाहून तिथे कार्बन झाला होता, आणि कार्बन म्हणजे विजेला पायवाट.

या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. एक नंबरला ठिणगी हवी असते त्या क्षणी तीन नंबरचा पिस्टन मिश्रण आत ओढत खाली चाललेला असतो. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा, आत दाब नाहीच, तिथे ठिणगी उडायला व्होल्टेजही थोडंच पुरतं. वीज रेघेवरून तिकडे गेली की उघड्या व्हॉल्व्हमधून आग थेट कार्बोरेटरपर्यंत, हा पुढचा फट्. इकडे एक नंबरचं मिश्रण न जळताच बाहेर पडतं आणि तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटतं, ते मागचं धाड्. आवाज दोन, कारण एक. हे असं जुळतं तेव्हा मला फार आनंद होतो.

पण रेघ पडली कशाने? कॅपमधून एक नंबरची वायर उपसली. तिचं टोक तळापर्यंत बसलेलंच नव्हतं, पितळेवर कळंक चढला होता. ठिणगीला प्लगची फट ओलांडायच्या आधी ही दुसरी फट ओलांडावी लागत होती. वायर तशीच ठेवून नुसती कॅप बदलली असती तर नवीन कॅपवरही कधी ना कधी रेघ उमटली असती.

काही जण ती रेघ ब्लेडने खरवडून वर वॉर्निश लावतात. रस्त्यात अडकलात तर करा, पण त्यावर विसंबू नका. कुर्ल्याच्या एका जुन्या दुकानदाराकडे पेटीबंद कॅप मिळाली, तीही बेकेलाइटची. चारही वायरी नव्या घातल्या, प्लगची फट 0.6 मिलिमीटरवर आणली, कार्बोरेटरला हात लावला नाही.

पुन्हा दिवे घाट, पुन्हा तिसरा गिअर. सर डॅशबोर्ड धरून बसले होते. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, वरच्या सपाटीपर्यंत पाय उचलला नाही. उतरताना मात्र पाय पूर्ण सोडल्यावर सायलेन्सरमधून बारीक फुटफुट येत होती, तेव्हा सरांचा चेहरा पडला. तो प्रकार निराळा. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत खेचली जाते आणि उरलंसुरलं पेट्रोल पेटतं. गॅरेजमध्ये येऊन इंजिन चालू ठेवलं, मागच्या नळीवर ओलं फडकं दाबलं आणि सरांनाच पुढे वाकून ऐकायला सांगितलं. मॅनिफोल्डखालच्या फ्लँजमधून फुस्स आवाज आला. “गॅस्केट,” ते स्वतःच म्हणाले.